पानांवर फवारा, दाण्यात सेलेनियम
धान्यातील एका सूक्ष्म मूलद्रव्याची कहाणी आणि त्याच्या मापाचा प्रश्न

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात काही गावांमधील लोकांचे केस अचानक गळू लागले. डोक्यात खाज सुटायची आणि नंतर केस हातात यायचे. तीन-चार दिवसांत टक्कल पडलेले रुग्ण आरोग्य केंद्रांत येऊ लागले. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीजन्य संसर्गावर. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने नेले आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढल्याचे समोर आले. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातून नखे गळण्याच्या तक्रारी आल्या. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे पद्मश्री डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपासणी करून रेशनवरील गव्हाकडे बोट दाखविले. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम आढळले होते.

महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना सेलेनियम हे नाव प्रथम असे, विषाचे नाव म्हणून भेटले. त्यामुळे जगातील अनेक देशांत हेच सेलेनियम गहू, मका आणि भात या पिकांना मुद्दाम, मोजून मापून दिले जाते, हे ऐकून आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. फिनलंडसारख्या देशाने तर त्यासाठी कायदेशीर व्यवस्था उभी केली. ब्रिटन, मलावी, चीन, तुर्कस्तान येथील संशोधक वर्षानुवर्षे त्याचे प्रयोग करीत आहेत. भारतही अशा प्रयोगांपासून दूर राहिलेला नाही. या प्रयोगांतील सर्वांत चर्चेत असलेली पद्धत म्हणजे उभ्या पिकाच्या पानांवर सेलेनियमची फवारणी.

गरज किती, धोका कुठे?

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले आणि चंद्राच्या ग्रीक नावावरून त्याला सेलेनियम हे नाव दिले. पुढील सव्वाशे वर्षे त्याची ओळख विषारी पदार्थ अशीच राहिली. अमेरिकेच्या डाकोटा भागातील गुरांचे केस झडणे, खूर गळून पडणे या विकारांचे मूळ तेथील चाऱ्यातील अतिरिक्त सेलेनियममध्ये आहे, हे १९३० च्या दशकात सिद्ध झाले होते. मात्र १९५७ मध्ये श्वार्ट्‌झ आणि फोल्ट्‌झ या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून वेगळीच बाजू पुढे आणली. आहारात सेलेनियम अजिबात नसेल, तर उंदरांचे यकृत निकामी होते, असे त्यांना दिसले. विष म्हणून बदनाम असलेला पदार्थ जगण्यासाठी आवश्यकही ठरला.

मानवी शरीरात सेलेनियमवर अवलंबून असलेली सुमारे २५ प्रथिने आहेत. पेशींना हानी पोहोचविणाऱ्या पेरॉक्साइडचा नाश करणारे विकर त्यांपैकी एक. थायरॉइड ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकाला कार्यक्षम रूप देणारी विकरेही याच गटातील. या सर्वांसाठी लागणारी मात्रा मात्र अगदी नगण्य असते. भारतातील प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ४० मायक्रोग्रॅमची शिफारस आहे, तर अमेरिकेत ती ५५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

वरची मर्यादाही फार दूर नाही. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही सुरक्षित कमाल मर्यादा मानली जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये फेरविचार करून ती २५५ मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे गरज आणि धोका यांमधील अंतर पाच-सहा पटींचे किंवा फार तर आठ-दहा पटींचे. लोह किंवा जस्त यांच्याबाबत बोलताना ‘थोडे जास्त झाले तरी चालेल’ असे सहज म्हटले जाते. सेलेनियमबाबत तसे म्हणण्याची सोय नाही. या लेखात पुढे येणाऱ्या प्रत्येक आकड्याकडे हे अंतर लक्षात ठेवूनच पाहावे लागेल.

माती ठरवते ताटातले माप

धान्यातील सेलेनियम जवळजवळ पूर्णपणे मातीवर अवलंबून असते. गव्हाचे वाण कोणते, यापेक्षा तो कोणत्या शेतात पिकला, यावर दाण्यातील सेलेनियम ठरते. एकाच वाणाचा गहू एका प्रदेशात सेलेनियमने समृद्ध असतो, तर दुसरीकडे त्यात ते नावालाही सापडत नाही.

याचे एक कारण मूळ खडकात आहे, दुसरे मातीच्या रसायनात. चुनखडीयुक्त, अल्कधर्मी आणि हवेशीर जमिनीत सेलेनियम ‘सेलेनेट’ या विद्राव्य रूपात राहते आणि मुळांना सहज मिळते. आम्लधर्मी, ओलसर जमिनीत ते ‘सेलेनाइट’च्या रूपात लोहाच्या संयुगांना घट्ट चिकटून बसते. तेथे जमिनीत सेलेनियम असूनही पीक उपाशी राहते.

वनस्पतीला स्वतःला सेलेनियमची गरज असल्याचे सिद्ध झालेले नाही. ती ते घेते, ते एका अर्थाने फसगत होऊन. सेलेनेट रासायनिकदृष्ट्या सल्फेटसारखे असल्याने गंधक आत नेणाऱ्या वाटेनेच ते मुळांत आणि पानांत शिरते. आत गेल्यावर वनस्पती गंधकासाठी असलेल्या यंत्रणेतूनच त्याचे रूपांतर सेलेनोमिथिओनिन या अमिनो आम्लात करते. हे अमिनो आम्ल दाण्यातील प्रथिनांत गुंफले जाते. म्हणूनच सेलेनियम दाण्याच्या कोंड्यापुरते मर्यादित न राहता आतल्या पिठूळ भागातही पोहोचते. लोह आणि जस्त यांचा मोठा वाटा कोंड्याबरोबर निघून जातो. सेलेनियमचे तितके नुकसान होत नाही, त्यामुळे मैद्यातही त्याचा बराचसा अंश शिल्लक राहतो.

ब्रिटनचे उदाहरण येथे बोलके आहे. अमेरिका आणि कॅनडातील विस्तीर्ण मैदानांची माती सेलेनियमने संपन्न आहे. तेथील गव्हाचा पाव खाणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला १९७० च्या दशकात दिवसाला सुमारे ६० मायक्रोग्रॅम सेलेनियम मिळत असे. युरोपीय समुदायात सामील झाल्यानंतर ब्रिटनने उत्तर अमेरिकेतून होणारी गव्हाची आयात घटविली आणि स्वदेशी गव्हाचा वापर वाढविला. १९९० च्या दशकात सेलेनियमचे दैनंदिन प्रमाण ३० ते ४० मायक्रोग्रॅमपर्यंत उतरले. पावाची चव बदलली नाही, किंमत बदलली नाही, पण व्यापार धोरणातील एका बदलाने देशाच्या रक्तातील एक मूलद्रव्य कमी केले.

फिनलंडचा निर्णय

फिनलंडमधील स्थिती याहून बिकट होती. तेथील आम्लधर्मी, थंड जमिनीतून पिकांना सेलेनियम जवळजवळ मिळतच नसे. १९७० च्या दशकात तेथील धान्यात किलोमागे १० मायक्रोग्रॅमहूनही कमी सेलेनियम असे आणि लोकांना आहारातून दिवसाला सुमारे २५ मायक्रोग्रॅम मिळत असे. गुरांमध्ये स्नायूंचा विकार इतका सामान्य होता की १९६९ पासून पशुखाद्यात सेलेनियम मिसळले जात होते. ज्या वर्षी पीक बुडे आणि अमेरिकेतून धान्य आयात करावे लागे, त्या वर्षी लोकांच्या शरीरातील सेलेनियम आपोआप वाढत असे.

अखेर १९८४ मध्ये तेथील कृषी मंत्रालयाने रासायनिक मिश्रखतांत सोडियम सेलेनेट मिसळण्याचा निर्णय घेतला. धान्यपिकांच्या खतात किलोमागे १६ मिलिग्रॅम आणि चारापिकांच्या खतात ६ मिलिग्रॅम, असे प्रमाण ठरले. परिणाम अपेक्षेहून वेगाने दिसला. गहू, बार्ली यांच्यातील सेलेनियम कितीतरी पटींनी वाढले. त्यापाठोपाठ चाऱ्यातून ते दूध, मांस आणि अंड्यांत आले. काही वर्षांतच दैनंदिन सेवन ११० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेले.

यानंतर जे घडले, ते अधिक महत्त्वाचे. सरकारने हे यश मानून हात झटकले नाहीत. धान्य, भाजीपाला, दूध, मांस, खते, पाणी आणि मानवी रक्त यांचे नमुने सातत्याने तपासले जात होते. सेवन गरजेपेक्षा जास्त होत असल्याचे दिसताच १९९० मध्ये सर्व खतांतील प्रमाण ६ मिलिग्रॅमवर आणले गेले. पुढे ते फारच घटल्यामुळे १९९८ मध्ये १० आणि २००७ मध्ये १५ मिलिग्रॅम करण्यात आले. एखाद्या देशाने आपल्या संपूर्ण अन्नसाखळीतील एक घटक नळाची तोटी फिरवावी तसा कमी-जास्त करावा, याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. अर्थात पन्नास-साठ लाख लोकसंख्या, मोजके खतउत्पादक आणि शिस्तबद्ध प्रयोगशाळा यांच्या बळावरच हे शक्य झाले, हे विसरता येत नाही.

या मार्गात एक त्रुटी मात्र होती. खतातून दिलेल्या सेलेनियमपैकी फार थोडा भाग पिकात उतरतो. उरलेला मातीत अडकून पडतो आणि पुढच्या पिकाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. सेलेनियम हे मर्यादित साठ्याचे मूलद्रव्य आहे. ते प्रामुख्याने तांब्याच्या शुद्धीकरणातील उपउत्पादन म्हणून मिळते आणि काच, विद्युत उपकरणे अशा उद्योगांनाही ते हवे असते. म्हणूनच मातीला वगळून थेट पानांना सेलेनियम देण्याच्या पद्धतीकडे संशोधकांचे लक्ष वळले.

फवारणीचे तंत्र

फवारणीची कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. जस्त, बोरॉन, लोह यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये पानांवर फवारणे हा आपल्याकडील रोजचा भाग आहे. सेलेनियमची फवारणीही त्याच धर्तीवर होते. सोडियम सेलेनेट पाण्यात विरघळवून, द्रावण पानावर टिकून राहावे म्हणून त्यात थोडा चिकटद्रव, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील ‘स्टिकर’, मिसळून ते पिकावर फवारले जाते. पानाच्या वरच्या मेणचट थरातून आणि पर्णरंध्रांतून ते आत शिरते. तेथे त्याचे सेंद्रिय रूपांतर होते आणि दाणा भरताना अन्नरसाबरोबर ते ओंबीत उतरते.

वेळ येथे निर्णायक ठरते. पीक कोवळे असताना फवारले तर पाने कमी असतात आणि बरेचसे द्रावण जमिनीवर पडते. दाणा पक्व झाल्यावर फवारले तर ते ओंबीपर्यंत पोहोचायला अवधीच उरत नाही. म्हणून गहू पोटरीत आल्यापासून दाण्यात चीक भरेपर्यंतचा काळ बहुतेक प्रयोगांत लाभदायक ठरला आहे. भर दुपारच्या उन्हात द्रावण पानावरच सुकते आणि फवारणीनंतर लगेच पाऊस आला तर ते धुऊन जाते. त्यामुळे सायंकाळची, वारा पडलेली वेळ पसंत केली जाते. द्रावण फार तीव्र झाले तर पानांचे शेंडे करपतात.

आता मापाकडे वळू. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी सटन बॉनिंग्टन येथे गव्हावर केलेले प्रयोग या क्षेत्रात प्रमाणभूत मानले जातात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार हेक्टरी दिलेल्या प्रत्येक एक ग्रॅम सेलेनियममागे गव्हाच्या दाण्यात किलोला १६ ते २६ मायक्रोग्रॅमची भर पडते. ब्रिटिश गव्हात मुळात किलोला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास सेलेनियम असते. हेक्टरी १० ग्रॅम दिल्यास ते ३०० च्या घरात, म्हणजे दहा पट होते.

हेक्टरी १० ग्रॅम म्हणजे एका चौरस मीटरवर एक मिलिग्रॅम. सोडियम सेलेनेटमध्ये सेलेनियमचा वाटा सुमारे ४२ टक्के असतो, त्यामुळे १० ग्रॅम सेलेनियमसाठी निर्जल सोडियम सेलेनेट लागते अवघे २४ ग्रॅम. अडीच एकर गव्हाला इतकेच पुरते. दिवसाला पाव किलो कणीक खाणाऱ्या माणसाला फवारणी न केलेल्या गव्हातून साडेसात मायक्रोग्रॅम मिळत असेल, तर फवारलेल्या गव्हातून ७५ मिळतील. दिवसाची गरज एकट्या पोळीतून भागेल.

हे केवळ ब्रिटनच्या हवामानातच शक्य होते असे नाही. चीन, भारत, पाकिस्तान, तुर्कस्तान, मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका या सहा देशांत गव्हावर जस्त, आयोडीन, सेलेनियम आणि लोह यांचे एकत्रित द्रावण फवारून पाहण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दाण्यातील सेलेनियम सरासरी किलोला ९० वरून ३३८ मायक्रोग्रॅमवर गेल्याचे दिसले. जस्त आणि आयोडीनही लक्षणीय वाढले, लोह मात्र जवळजवळ जागचे हलले नाही. उत्पादनावर परिणाम झाला नाही, ना वाढ ना घट.

यातील शेवटची बाब शेतकऱ्याच्या दृष्टीने अडचणीची आहे. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत जस्त फवारले तर उतारा वाढतो आणि खर्च भरून येतो. सेलेनियमच्या फवारणीने एक क्विंटलही अधिक मिळत नाही. लाभ मिळतो तो खाणाऱ्याला. हा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर फिनलंडने खतातच ते मिसळून दिले, तर चीनने बाजारावर सोपविले. तेथे ‘सेलेनियमयुक्त तांदूळ’ या नावाने जादा दराने तांदूळ विकला जातो आणि अशा तांदळासाठी २००८ मध्ये राष्ट्रीय मानकही आले. किलोला ०.०४ ते ०.३० मिलिग्रॅम असे दोन्ही बाजूंचे बंधन त्यात घातले गेले. वरची मर्यादा आखून देण्याची ही दक्षता दखल घेण्याजोगी आहे.

भाताच्या बाबतीत फवारणीला आणखी एक कारण आहे. पाणी साचलेल्या भातखाचरात हवेअभावी सेलेनेटचे रूपांतर मुळांना न मिळणाऱ्या रूपांत होते, त्यामुळे खतातून दिलेले सेलेनियम वाया जाण्याची शक्यता अधिक असते. पानांवरून दिल्यास ही अडचण टळते.

माप कोणाच्या हाती?

कागदावर हे सारे सोपे वाटते. शेतावर ते तितके सोपे राहत नाही. हेक्टरी ५०० लिटर द्रावण फवारायचे म्हटले, तर पाठीवरच्या १५-१६ लिटरच्या पंपाच्या तीसहून अधिक खेपा होतात. २४ ग्रॅम भुकटी या खेपांत वाटली, तर एका पंपाला येते पाऊण ग्रॅमहूनही कमी. एवढे वजन शेतकऱ्याच्या घरातील काटा दाखवीत नाही. त्यातही सोडियम सेलेनेट स्वतः तीव्र विषारी आहे. त्याची भुकटी श्वासावाटे जाणे किंवा द्रावण अंगावर सांडणे धोक्याचे.

शून्य चुकले तर काय होईल? सटन बॉनिंग्टनच्या प्रयोगांत हेक्टरी १०० ग्रॅमपर्यंत सेलेनियम देऊन पाहिले गेले होते आणि दाण्यातील वाढ तेथपर्यंत सरळ रेषेत होत गेली. पिकाने कुठे ‘पुरे’ म्हटले नाही. किलोला २,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेल्या अशा गव्हाची पाव किलो कणीक रोज खाणाऱ्याच्या पोटात ६५० मायक्रोग्रॅम जातील, म्हणजे सर्वांत सैल मर्यादेच्याही दीडपटीहून अधिक. विशेष म्हणजे पीक डोळ्यांना निरोगीच दिसेल, कणीक पांढरी आणि पोळी मऊच असेल. दाण्याच्या रंगा-वासावरून ही चूक कोणाच्याही लक्षात येणार नाही.

म्हणून फवारणी आणि खत यांची तुलना करताना कार्यक्षमता हा एकच निकष पुरेसा नाही. खतात बरेचसे सेलेनियम वाया जाते, पण त्याचे माप कारखान्यात, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली ठरते. फवारणीत थोड्याशा सेलेनियमवर काम भागते, पण माप शेवटी बांधावर ठरते. तयार, सौम्य केलेले द्रावण मोहोरबंद बाटलीतून देणे हा मधला मार्ग आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते फवारणीचा विचार करायचा तर तो याच मार्गाने व्हावा. उताऱ्याचाही हिशेब यात येतो. ब्रिटनमध्ये हेक्टरी आठ-दहा टन गहू निघतो. तीन-चार टन उतारा असलेल्या जमिनीत तीच मात्रा कमी दाण्यांत विभागली गेल्यास प्रत्येक दाण्यातील प्रमाण चढू शकते. परदेशातील शिफारस जशीच्या तशी उचलणे त्यामुळे धोक्याचे ठरेल.

लाभ खरोखर होतो का?

दाण्यात सेलेनियम वाढले, म्हणजे माणसाचे आरोग्य सुधारले, असे गृहीत धरता येत नाही. जेथे तीव्र कमतरता होती, तेथे पुरावा भक्कम आहे. चीनच्या ईशान्येकडील केशान तालुक्यात १९३५ मध्ये हृदयाच्या स्नायूंचा एक घातक विकार प्रथम नोंदविला गेला. त्याला त्या तालुक्याचेच नाव मिळाले. लहान मुले आणि प्रजननक्षम वयातील स्त्रिया त्याला बळी पडत. हा विकार नेमका सेलेनियम-दरिद्री पट्ट्यात आढळे. सिचुआन प्रांतातील मियानिंग येथे १९७४ मध्ये मुलांना सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देऊन पाहण्यात आल्या. गोळ्या न मिळालेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना हा विकार झाला. गोळ्या मिळालेल्या ४,५१० मुलांत रुग्ण होते १०. फरक इतका स्पष्ट होता की पुढे सर्वच मुलांना गोळ्या देण्यात आल्या. या विकारात एका विषाणूचाही हात असतो, असे नंतरच्या संशोधनातून दिसले. सेलेनियमची उणीव त्या विषाणूला वाट करून देते.

मलावीत मका हेच मुख्य अन्न, आणि देशाच्या बहुतांश भागातील मक्यात सेलेनियम अत्यल्प. तेथील कासुंगू जिल्ह्यात २०१९ मध्ये शेतातच सेलेनियम देऊन पिकविलेल्या मक्याचे पीठ काही कुटुंबांना आठ आठवडे पुरविण्यात आले. इतर कुटुंबांना साधे पीठ मिळाले. सेलेनियमयुक्त पीठ खाणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्या रक्तातील सेलेनियम या अल्पावधीत जवळपास दुप्पट झाले. गोळ्या वाटण्याची गरज नाही, खाण्याची सवय बदलण्याची गरज नाही, हा या मार्गाचा गरीब देशांसाठी असलेला खरा आधार.

जेथे मुळात पुरेसे सेलेनियम आहे, तेथील कथा निराळी. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या एका चाचणीत ३५ हजारांहून अधिक पुरुष सहभागी झाले. सेलेनियमच्या २०० मायक्रोग्रॅमच्या गोळीने प्रोस्टेटचा कर्करोग टळतो का, हे पाहायचे होते. लाभ दिसेना, म्हणून २००८ मध्येच गोळ्या थांबविण्यात आल्या. फिनलंडमध्येही १९८४ नंतर हृदयविकाराचे मृत्यू घटले खरे, पण त्याच काळात तेथील लोकांचे लोणी आणि धूम्रपानही कमी झाले. संपूर्ण देशालाच सेलेनियम दिल्यामुळे तुलनेसाठी कोणी उरलेच नव्हते, याची कबुली तेथील संशोधकांनी दिली आहे.

पंजाबची उलटी बाजू

भारताच्या दृष्टीने प्रश्न गुंतागुंतीचा होतो तो येथे. पंजाबातील शहीद भगतसिंगनगर (पूर्वीचे नवांशहर) आणि होशियारपूर या जिल्ह्यांत शिवालिक टेकड्यांतून पुराच्या पाण्याबरोबर वाहून आलेल्या गाळात सेलेनियम भरपूर आहे. काही गावांच्या शिवारात ते इतके आहे की गव्हाची पाने पांढरीफटक पडतात. तेथील चारा खाणाऱ्या जनावरांची शिंगे आणि खूर गळतात, आणि माणसांच्या नखांवर, केसांवरही परिणाम दिसतो. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या पट्ट्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. भूजलातही सेलेनियम असल्याने भाताला दिलेल्या प्रत्येक पाण्यागणिक त्याचा नवा थर शेतात बसतो. चीनमध्ये हुबेई प्रांतातील एन्शी येथे १९६० च्या दशकाच्या प्रारंभी असेच घडले होते. तेथील सेलेनियमयुक्त दगडी कोळशातून ते मातीत आले आणि अनेक गावांतील लोकांचे केस व नखे गळाली. आज तेच एन्शी ‘सेलेनियमची राजधानी’ म्हणून आपला चहा विकते, हा दैवदुर्विलास म्हणावा की व्यापारी चातुर्य, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बुलढाण्यातील गहू पंजाब-हरियाणाच्या बाजूने आला होता, असा डॉ. बावस्कर यांचा निष्कर्ष होता. किलोला १४ मिलिग्रॅम हे प्रमाण गृहीत धरले, तर दिवसाला ३०० ग्रॅम गहू खाणाऱ्याच्या शरीरात ४,००० हून अधिक मायक्रोग्रॅम जातात. ब्रिटिश प्रयोगातील सर्वांत मोठ्या मात्रेनेही जे प्रमाण गाठले नाही, त्याच्या पाचपट सेलेनियम या गव्हात होते.

एकाच देशात एका जिल्ह्याचे धान्य सेलेनियमने ओसंडते आणि दुसऱ्या जिल्ह्याचे त्याविना असते. फिनलंडसारखा एकच आकडा सर्वांना लावणे भारतात त्यामुळे शक्य नाही. त्यात येथील धान्य पिकते एका राज्यात आणि खाल्ले जाते दुसऱ्या राज्यात. स्वस्त धान्य दुकानावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या घरी महिनोन्‌महिने एकाच ठिकाणचा गहू येऊ शकतो, तर बाजारातून खरेदी करणाऱ्या शहरी कुटुंबाच्या डब्यात निरनिराळ्या प्रांतांचे धान्य मिसळलेले असते. हे मिसळणेच नकळत त्याचे संरक्षण करते. फवारणीचा विचार करण्याआधी खरेदी केंद्रांवर आणि गोदामांत सेलेनियमची तपासणी सुरू व्हायला हवी, ती या कारणासाठी. ज्या यंत्रणेला किलोला १४ मिलिग्रॅमचा गहू दुकानापर्यंत पोहोचण्याआधी अडविता येत नाही, तिच्याकडून किलोला ०.३ मिलिग्रॅमचे लक्ष्य सांभाळले जाण्याची अपेक्षा करणे धाडसाचे होईल.

पंजाबातील शेतकऱ्यांसाठी लुधियानाच्या शास्त्रज्ञांनी सुचविलेला उपाय मात्र साधा आहे, आणि तो फवारणीच्या शास्त्रातूनच समजतो. सेलेनेट गंधकाच्या वाटेने पिकात शिरते, मग ती वाट गंधकानेच भरून टाकायची. शेतात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, टाकले की मुळांभोवती सल्फेटची गर्दी होते आणि सेलेनेटला आत शिरायला वाव कमी मिळतो. हेक्टरी एक ते तीन टनांच्या दरम्यान जिप्सम टाकलेल्या शेतांतील गव्हात सेलेनियम लक्षणीय घटल्याचे तेथील प्रयोगांत दिसले आहे. सेलेनियमची कमतरता असलेल्या जमिनीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते. तेथे गंधकयुक्त खतांचा मारा झाला, तर मुळांवाटे मिळणारे थोडेथोडके सेलेनियमही पिकाला मिळेनासे होते.